उरलेलं बल, उरलेला कर्ब
(प्रस्तावना)

औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला येणाऱ्या माणसाला दुधाळा हे गाव माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. आज ते जगभरच्या भौतिकशास्त्रज्ञांना माहीत आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या या गावाच्या शिवारात ‘लिगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी अमेरिकेतल्या लिगोच्या शास्त्रज्ञांनी अशी लहर सापडल्याचं जाहीर केलं. त्यानंतर सहाच दिवसांनी केंद्रीय मंत्रिमंडळानं भारतातल्या वेधशाळेला तत्त्वतः मान्यता दिली. पुढची सात वर्षं जागेची निवड, जमीन आणि कागदपत्रं यांत गेली. ६ एप्रिल २०२३ रोजी २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी मिळाली आणि ११ मे २०२३ रोजी पायाभरणी झाली. पुण्याची आयुका ही खगोलविज्ञान संस्था, इंदूरचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा खात्याची बांधकामं पाहणारं मुंबईचं संचालनालय अशा चौघांनी हे काम वाटून घेतलं आहे. या दशकाच्या अखेरीस वेधशाळा चालू व्हावी, असं उद्दिष्ट आहे.

एवढं मोठं काम दाराशी आलं की माणसं आधी आपल्यापुरतं विचारतात, आणि ते बरोबरच आहे. तिथून किरणं बाहेर पडतील का? पोरांना काम लागेल का? पहिल्याचं उत्तर सोपं आहे. तिथं असणार तो लेझरचा प्रकाश, तोही हवा उपसून काढलेल्या बंद नळ्यांत. किरणोत्सारी असं त्या यंत्रात काही नाही. दुसऱ्याचं उत्तर प्रकल्पवाल्यांनी द्यायचं आहे. हे पुस्तक लिहिलं ते तिसऱ्याच एका प्रश्नासाठी, जो सहसा कुणी मोठ्यानं विचारत नाही: तिथं जे चालणार आहे, ते आपल्याला कळण्यासारखं आहे का?

आहे. नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरण ‘गतीचे नियम’ आणि दहावीच्या पहिल्या भागातलं पहिलं प्रकरण ‘गुरुत्वाकर्षण’, एवढी शिदोरी त्याला पुरते. अट इतकीच की ती प्रकरणं परीक्षेपुरती पाठ केलेली नसावीत.

पुस्तकाचे दोन भाग आहेत. पहिल्यात बल आणि गती, दुसऱ्यात कर्बचक्र. या दोन विषयांना एका बांधणीत का बसवलं, असं विचारलं जाईल, म्हणून कारण आधीच सांगतो. निसर्गात बहुतेक ठिकाणी मोठमोठ्या गोष्टी एकमेकींना छेद देऊन संपत असतात. घडतं ते जे काही उरतं, त्याच्यामुळं. वस्तूवर किती बलं लागली आहेत यानं तिची गती बदलत नाही. ती सगळी जमेस धरून उरलेल्या बलानं बदलते. हवेत किती कर्ब गेला यानं हवामान बदलत नाही. गेलेला आणि परत आलेला यांची वजाबाकी करून जो उरला, त्यानं बदलतं. आणि लिगोचं यंत्र तर दोन जवळजवळ सारख्या गोष्टींची वजाबाकी करण्यासाठीच बांधलेलं आहे. ही वजाबाकी करायला शिकणं, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

•

सुरुवात बैलगाडीपासून केली आहे, कारण तिच्यात एक जुनं कोडं आहे. बैल गाडीला जेवढ्या जोरानं पुढं ओढतो, तेवढ्याच जोरानं गाडी बैलाला मागं ओढते. न्यूटननं १६८७ साली ‘प्रिन्सिपिया’त मांडलेला हा तिसरा नियम. दोन्ही बलं सारखी आणि उलट्या दिशांची, मग गाडी हलतेच कशी? नववीच्या वर्गात हे विचारून पाहा. निम्मा वर्ग म्हणेल, बैलाचा जोर थोडा जास्त असतो. तसं नसतं. तिथं बैलाचा आणि गाडीचा जोर केसभरही कमीजास्त नसतो.

उत्तर असं की ती दोन बलं एकाच वस्तूवर नाहीत. एक गाडीवर आहे, दुसरं बैलावर, म्हणून त्यांची आपसात वजाबाकी करताच येत नाही. गाडीचा हिशेब गाडीपुरता करायचा: पुढं बैलाची ओढ, मागं चाकांचा आणि आसाचा विरोध. ओढ जास्त ठरली तर गाडीला वेग येतो. बैलाचा हिशेब बैलापुरता: मागं गाडीची ओढ, पुढं जमिनीचा रेटा. बैल खुरांनी जमिनीला मागं रेटतो आणि जमीन त्याला पुढं रेटते. पावसाळ्यात काळ्या रानात खूर घसरायला लागले की हा रेटाच मिळत नाही. बैलाच्या अंगात ताकद तेवढीच असते, पण गाडी जागची हलत नाही. बैलाला कितीही हाकललं तरी उपयोग नसतो. लोक अशा वेळी खुरांखाली आणि चाकाखाली दगड, पालापाचोळा टाकतात. म्हणजे ते घर्षण वाढवतात, आणि पुस्तकातला नियम न वाचताही बरोबर जागी हात घालतात.

याच गाडीत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. सपाट रस्त्यावर गाडी एकसारख्या चालीनं चालली आहे. आता तिच्यावर उरलेलं बल किती? शून्य. ओढ आणि विरोध तंतोतंत सारखे आहेत. चालती वस्तू म्हणजे तिच्यावर बल उरलेलं असणारच, ही आपल्या मनात रुजलेली समजूत आहे. ती मोडायला माणसाला अॅरिस्टॉटलपासून गॅलिलिओपर्यंत सुमारे दोन हजार वर्षं लागली. बल उरलं तर वेग बदलतो, आणि बल उरलं नाही तर आहे तो वेग तसाच राहतो, मग तो शून्य असो की ताशी चार किलोमीटर. पहिला नियम एवढाच आहे आणि तिन्हींत तोच अवघड आहे, कारण आपल्या जगात घर्षण नाही अशी जागाच सापडत नाही.

दुसऱ्या नियमासाठी मी हळदीचं पॉलिश निवडलं आहे. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे आणि जिल्ह्यातल्या कुणाला हळद काढणं, शिजवणं, वाळवणं आणि पॉलिश करणं शिकवायची गरज नाही. पण पॉलिशचा ड्रम फिरत असताना आत काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. हळकुंडं ड्रमच्या भिंतीबरोबर वर चढतात, एका उंचीला येऊन सुटतात आणि खालच्या हळकुंडांवर पडतात. एकमेकांवर आणि जाळीवर घासून त्यांची साल आणि मुळ्या झडतात आणि पिवळा रंग उघडा पडतो. आता ड्रम जास्त वेगानं फिरवला तर काम लवकर होईल का? एका मर्यादेपर्यंत होईल. त्यापुढं हळकुंडं भिंतीला चिकटून ड्रमबरोबर नुसती गोल फिरत राहतील आणि एकही घासणार नाही.

ही मर्यादा कागदावर काढता येते. गोल फिरणाऱ्या वस्तूला सतत आतल्या बाजूला खेचणारं बल लागतं, नाहीतर ती सरळ निघून जाईल. ड्रमच्या माथ्यावर हे काम गुरुत्वाकर्षण करतं. वेग कमी असेल तर वळवण्यासाठी लागतं त्याहून गुरुत्व जास्त ठरतं, आणि त्या उरलेल्या बलानं हळकुंड खाली पडतं. वेग इतका वाढला की सगळं गुरुत्व वळवण्यातच खर्ची पडतं, तर खाली पाडायला काही उरत नाही. ९० सेंटीमीटर व्यासाचा ड्रम धरला तर ही वेळ मिनिटाला साधारण ४५ फेऱ्यांना येते. गंमत म्हणजे या उत्तरात हळकुंडाचं वजन कुठंच येत नाही, ते आकडेमोडीत दोन्हीकडून कटून जातं. गुरुत्वाची ओढ वस्तुमानाच्या प्रमाणात वाढते आणि वळवायला लागणारं बलही त्याच प्रमाणात वाढतं. सगळ्या वस्तू एकाच त्वरणानं पडतात, हे गॅलिलिओचं म्हणणं इथं हळदीच्या ड्रममध्ये दिसतं. आइनस्टाइननं १९१५ साली सामान्य सापेक्षतेचा सिद्धांत पुरा केला, तेव्हा त्याच्या मुळाशी हीच गोष्ट होती: पडणं वस्तूवर अवलंबून नाही, म्हणून गुरुत्व हा वस्तूचा गुण नसून अवकाश-काळाचा गुण असला पाहिजे.

त्याच सिद्धांतातून १९१६ साली निघालेलं भाकीत म्हणजे गुरुत्वीय लहरी. प्रचंड वस्तुमानं एकमेकांभोवती वेगानं फिरली की अवकाशालाच ताण बसतो आणि तो ताण प्रकाशाच्या वेगानं पसरतो. अशी लहर इथून जाताना एका दिशेचं अंतर ताणते आणि तिच्याशी काटकोनात असलेलं अंतर आक्रसते. मग उलट करते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी पहिल्यांदा टिपलेली लहर सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवरून आली होती. सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, ६२ पटीचं एक झालं आणि राहिलेलं तीन सूर्यांएवढं वस्तुमान ऊर्जा होऊन लहरीत गेलं. बेरीज जुळत नव्हती, आणि जे जुळत नव्हतं तेच आपल्यापर्यंत पोचलं. पोचलं ते किती? वेधशाळेच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत प्रोटॉनच्या व्यासाच्या सुमारे चारशेव्या हिश्श्याइतका फरक, तोही सेकंदाच्या पाचव्या भागापुरता. या शोधासाठी रायनर वाइस, बॅरी बॅरिश आणि किप थॉर्न यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

या कामात मराठी वाचकानं अभिमानानं सांगावं असंही एक पान आहे. जयंत नारळीकरांनी १९८८ साली पुण्यात आयुका उभी केली. तिथं संजीव धुरंधर आणि त्यांचे सहकारी बी. एस. सत्यप्रकाश यांनी, लहर सापडण्याच्या पंचवीस वर्षं आधी, ती गोंगाटातून वेचायची कशी याचं गणित मांडायला घेतलं. लहर कशी दिसेल याचे साचे आधीच तयार करायचे आणि नोंदींवर ते सरकवत नेऊन कुठं जुळतात ते पाहायचं, अशी ती रीत. बंगळुरूच्या सी. व्ही. विश्वेश्वरांनी तर १९७० सालीच, धक्का बसलेलं कृष्णविवर कसं थरथरत शांत होईल हे दाखवून दिलं होतं.

•

एवढा बारीक फरक मोजायचा कसा, याचं उत्तर पुन्हा वजाबाकीच आहे. लेझरचा एक किरण दोन भागांत फोडायचा. एक भाग एका भुजेत, दुसरा काटकोनातल्या दुसऱ्या भुजेत सोडायचा. दोन्ही टोकांच्या आरशांवरून ते परत आले की पुन्हा एकत्र आणायचे, पण अशा बेतानं की एकाच्या लहरीचा माथा दुसऱ्याच्या खळग्यावर बसेल. दोन्ही प्रकाश एकमेकांना खोडतात आणि बाहेर अंधार राहतो. एक भुजा किंचित जरी लांबली तर हा बेत बिघडतो आणि अंधारात थोडा उजेड झिरपतो. शास्त्रज्ञ मोजतात तो हा झिरपलेला उजेड.

अडचण अशी की भुजा बदलल्यासारखं दाखवणारी कारणं हजार आहेत. रस्त्यावरचा ट्रक, दूरची रेल्वे, वारा, किनाऱ्यावर आपटणारा समुद्र, सगळ्यानं जमीन सतत थरथरत असते. त्यावरचा उपाय गवंड्याच्या हातात असतो: ओळंबा. ओळंब्याची दोरी धरून हात सावकाश हलवा, गोळा हाताबरोबर जातो. हात भराभर हलवा, गोळा जवळजवळ जागच्या जागी राहतो. त्याच्या जडत्वाला तेवढ्या घाईनं हलायला वेळच मिळत नाही. दोरी ६० सेंटीमीटरची असेल तर एका झोक्याला साधारण दीड सेकंद लागतो. त्याच्या दहापट वेगानं हात थरथरला तर गोळ्यापर्यंत त्या थरथरीचा शंभरावा भाग पोचतो.

लिगोचा आरसा असाच टांगलेला असतो. अतिशुद्ध काचेचा, ४० किलोचा, ३४ सेंटीमीटर व्यासाचा हा दंडगोल चार मजली ओळंब्याच्या सर्वांत खालच्या मजल्यावर, केसापेक्षा काही पटींनी जाड अशा काचेच्याच तंतूंवर लोंबतो. एक मजला थरथर शंभर पटींनी कमी करत असेल, तर चार मजले दहा कोटी पटींनी करतील. प्रत्यक्षातला हिशेब इतका सरळ नाही, कारण मजले सारखे नसतात, पण तत्त्व हेच. असा आरसा आडव्या दिशेनं जणू मोकळा पडत असतो. त्याला धरून ठेवणारं बल उरलेलं नसतं, म्हणून अवकाश ताणला तर तो त्याच्याबरोबर निमूट जातो.

ओळंब्याचीच दुसरी गोष्ट. ओळंबा पृथ्वीच्या मध्याकडं रोखलेला असतो. म्हणून चार किलोमीटर अंतरावर टांगलेले दोन ओळंबे एकमेकांना समांतर नसतात. जमीन वाकलेली, प्रकाश मात्र सरळ. चार किलोमीटरवर हा फरक सव्वा मीटरचा होतो आणि नळी टाकणाऱ्या अभियंत्याला तो धरूनच पाया घ्यावा लागतो. आणि प्रकाश नुसता जातच नाही, तो ढकलतोही. भुजेत साठलेला प्रकाश आराखड्याप्रमाणं साडेसात लाख वॉटचा धरला तर आरशावर येणारा रेटा अर्ध्या ग्रॅमच्या वजनाएवढा निघतो. घरच्या वजनकाट्यावर तो दिसणारही नाही, पण इथं त्याची तजवीज करावी लागते.

या यंत्राच्या शेजारी राहण्याची कल्पना यावी म्हणून अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या लिगो वेधशाळेतला एक किस्सा. तिथल्या नोंदींत मधूनच टकटक उमटायची आणि कारण सापडेना. शेवटी द्रवरूप नायट्रोजनच्या नळीवर साचलेल्या बर्फात चोचींच्या खुणा दिसल्या. उन्हाळ्यात तहानलेले डोमकावळे बर्फ टोचत होते आणि त्यांच्या चोचीचा धक्का नळीवाटे यंत्रापर्यंत पोचत होता. दुधाळ्याला कावळे कमी नाहीत.

हिंगोलीकरांच्या मनात इथं वेगळा प्रश्न येईल, तो भूकंपाचा. वसमत, औंढा आणि कळमनुरी भागात जमिनीतून आवाज येणं नवं नाही. पांगरा शिंदे गावाचं नाव त्यासाठी वर्तमानपत्रांत वारंवार आलं आहे. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर दहा-अकरा मिनिटांच्या अंतरानं ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के बसले, १० जुलैला पुन्हा ४.५ चा. त्यावर एक प्रकरण स्वतंत्र दिलं आहे, कारण भूकंप हा बलाच्या हिशेबाचा सर्वांत मोठा धडा आहे. भारताचा तुकडा वर्षाला सुमारे पाच सेंटीमीटर सरकत उत्तरेकडं आशियाला रेटतो आहे आणि त्या रेट्याचा ताण दख्खनच्या जुन्या भेगांपर्यंत पोचतो. भेगेच्या दोन बाजूंना घर्षणानं धरून ठेवलेलं असतं. रेटा आणि घर्षण सारखे आहेत तोवर वर काही कळत नाही. रेटा उरला की खडक सरकतो. धक्का उथळ असेल तर त्याच्या लहरींचा ऐकू येण्याजोगा भाग हवेत उतरतो आणि गावाला गडगडाट ऐकू येतो. आकड्यांचं भानही हवं. तीव्रतेचा आकडा एकानं वाढला तर ऊर्जा सुमारे ३२ पट होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाची तीव्रता ६.२ धरली, तर ४.५ च्या धक्क्यात तिच्या साडेतीनशेव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा येते. घाबरून अंगणात झोपणं आणि दुर्लक्ष करून कच्ची भिंत तशीच ठेवणं, या दोन्हींच्या मधली वाट हा आकडा दाखवतो. वेधशाळेपुरतं म्हणाल तर मोठा भूकंप जगात कुठंही झाला तरी अशा यंत्रांचा तोल काही वेळ सुटतो, आणि तो परत सावरायची सोय त्यांत असते.

मग चौथं-पाचवं यंत्र हवंच कशाला, तेही इतक्या दूर? दिशा कळावी म्हणून. २०१५ ची लहर अमेरिकेतल्याच दुसऱ्या वेधशाळेला, लिव्हिंग्स्टनला, आधी आणि हॅनफर्डला सात मिलिसेकंदांनी नंतर पोचली. या उशिरावरूनच ती आकाशात कुठून आली याचा अंदाज बांधला जातो. वेधशाळा जितक्या लांब, तितका हा उशीर मोठा आणि अंदाज नेमका. प्रकाशाला पृथ्वीच्या व्यासाएवढं अंतर कापायला सुमारे साडेबेचाळीस मिलिसेकंद लागतात, म्हणजे पृथ्वीवर याहून मोठा उशीर मिळणारच नाही. अमेरिकेपासून पृथ्वीच्या जवळजवळ दुसऱ्या अंगाला असलेलं दुधाळा या हिशेबात फार कामाचं आहे. इथंही उपयोगाला येते ती दोन वेळांची वजाबाकीच.

•

दुसऱ्या भागात आपण वेधशाळेच्या कुंपणाबाहेरच्या रानात येतो. इथला प्रश्न असा: झाडाचं वजन येतं कुठून? बहुतेक जण मातीतून म्हणतील. सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेलमाँटनं कुंडीत वाळुंजाचं रोप लावलं, पाच वर्षं नुसतं पाणी घातलं आणि मग माती आणि झाड दोन्ही तोलली. झाड सुमारे ७४ किलोंनी वाढलं होतं आणि माती साठ ग्रॅमांच्या आतच घटली होती. वजन पाण्याचं, असा निष्कर्ष त्यानं काढला. तो अर्धाच बरोबर होता. पाण्याखेरीजचं वजन मुख्यतः हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतं. तराजूत हवा धरायची राहून गेली होती.

कापूस वेचून झाल्यावर रानात उरलेली पऱ्हाटी हातात घ्या. ती पूर्ण वाळली असेल तर तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा कमी भाग कर्ब आहे, आणि तो जवळपास सगळा गेल्या पावसाळ्यातल्या हवेतला आहे. एक किलो पऱ्हाटी हळद शिजवायच्या चुलाणात गेली की साधारण १.६ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जाळलं त्यापेक्षा निघालं जास्त, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात येऊन मिळाला. धूर डोळ्यांना आणि छातीला वाईट आहेच, पण हवेच्या कर्बाच्या खात्यात ही रक्कम वर्षभरात घेतली आणि वर्षभरात परत दिली, इतकीच. त्याच रानात ट्रॅक्टरनं जाळलेल्या एक लिटर डिझेलचा हिशेब वेगळा. त्यातून सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो आणि तो कर्ब कोट्यवधी वर्षांपूर्वी हवेतून निघून जमिनीखाली गेलेला होता. आपल्या हयातीत त्याची परतफेड नाही.

जगाचा हिशेब याच धर्तीवर मांडता येतो. जमिनीवरच्या वनस्पती वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कर्ब हवेतून घेतात. श्वसनातून, कुजण्यातून आणि वणव्यांतून जवळजवळ तेवढाच परत जातो. कोळसा, तेल आणि वायू जाळून माणूस घालतो तो सुमारे १० अब्ज टन. १२० च्या पुढं १० म्हणजे काय, असं म्हणणारे भेटतात. विहिरीला झरे किती आणि उपसा किती, यावरून पाण्याची पातळी सांगता येत नाही. दोन्हींतला फरक सांगावा लागतो. माणसानं घातलेल्या कर्बापैकी निम्म्याहून काहीसा जास्त भाग समुद्र आणि रानं मिळून शोषतात, उरलेला दरवर्षी हवेत साठत जातो. औद्योगिक काळाच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. चार्ल्स कीलिंगनं १९५८ साली हवाई बेटांवर मोजणी सुरू केली तेव्हा सुमारे ३१५ होते. आता ४२० च्या वर आहेत. कीलिंगच्या आलेखात दरवर्षी एक चढउतार दिसतो. उत्तर गोलार्धातली झाडं पालवली की रेघ उतरते, पानं गळून कुजली की चढते. प्रत्येक वर्षाचा उतार मात्र चढापेक्षा थोडा कमी पडतो.

जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला कर्ब भेटतो तो माती परीक्षणाच्या कागदावर, ‘सेंद्रिय कर्ब’ या नावानं. अर्ध्या टक्क्याखाली कमी, पाऊण टक्क्यावर जास्त, असं ढोबळ माप. मराठवाड्याच्या रानांत तो बहुधा कमीच भरतो आणि काळी माती पाहून लोकांना ते पटत नाही. काळा रंग म्हणजे भरपूर कर्ब नव्हे. थोडासा सेंद्रिय अंश चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बसला तरी माती काळीभोर दिसते. एक हेक्टरच्या वरच्या १५ सेंटीमीटर थरातली माती साधारण २० लाख किलो भरते. म्हणून कर्ब नुसता ०.१ टक्क्यानं वाढवायचा तर दोन टन कर्ब मातीत टिकून राहायला हवा. टाकलेला नव्हे, टिकलेला. आपल्या उष्ण हवेत शेणखत आणि पालापाचोळा यांतला मोठा भाग जिवाणू वर्ष-दोन वर्षांत खाऊन परत हवेत सोडतात. म्हणून खत एकदा टाकून भागत नाही, आणि रान पेटवून देणाऱ्याचं तर मुद्दलच जातं.

नांगरताना निघणारे चुनखडीचे पांढरे खडेही याच चक्राचे. त्यांवर लिंबाचा रस पिळला तर बारीक बुडबुडे येतात, ते कार्बन डायऑक्साइडचे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला हा वायू विरघळवून किंचित आंबट होतं आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यातून झालेला आपला काळा पाषाण अगदी सावकाश झिजवतं. दगडातला चुना सुटतो. काही तिथंच खड्यांच्या रूपानं बसतो, काही कयाधूतून पैनगंगेला, पूर्णेतून गोदावरीला मिळत बंगालच्या उपसागरात जातो आणि शिंपल्यांच्या कवचात उतरतो. ज्या ज्वालामुखींनी हवेत अमाप कार्बन डायऑक्साइड ओतला, त्यांचाच दगड झिजत झिजत तो परत गोळा करतो. हा मार्ग खात्रीचा आहे, पण त्याचा वेग लाखो वर्षांचा आहे. आपली घाई त्याला परवडणारी नाही.

•

पुस्तक कसं वाचावं याविषयी थोडं. जिथं आकडा आहे तिथं पेन्सिल घ्यावी आणि तो स्वतः काढून पाहावा. लागेल तेवढं गणित नववीपलीकडं जात नाही. वर्गमूळ फक्त हळदीच्या ड्रमला आणि ओळंब्याला लागतं. सामान्य सापेक्षतेची समीकरणं मी दिलेली नाहीत. ती वगळून जेवढं खरं सांगता येतं तेवढंच सांगितलं आहे. शिक्षकांनी प्रयोगांसाठी प्रयोगशाळेची वाट पाहू नये. दोरी, दगड, तराजू, लिंबू आणि घड्याळ एवढ्यावर बहुतेक प्रयोग होतात. ज्यांना शेतीत जास्त रस आहे, त्यांनी दुसरा भाग आधी वाचायला हरकत नाही.

एक अपेक्षा मात्र आहे. वेधशाळा चालू झाल्यावर शाळांच्या सहली तिथं जातील, मुलं नळ्या पाहतील, फोटो काढतील आणि परत येतील. एवढ्यावर समाधान मानू नये. तिथल्या शास्त्रज्ञांना विचारण्यासारखे प्रश्न आपल्याच रानातून नेता येतात. आमच्या काळ्या मातीत पाया उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती हलतो? ती फुगते आणि भेगाळते, त्याचं तुम्ही काय करता? गावात ट्रॅक्टर चालला तर तुम्हाला कळतो का? अशा प्रश्नांवर शास्त्रज्ञ पाहुण्यांशी बोलल्यासारखं बोलत नाही, जोडीदाराशी बोलल्यासारखं बोलतो. ते प्रश्न सुचायला लागणारी सवय एकच आहे: एखादी गोष्ट स्थिर दिसली की तिथं काही घडत नाही असं धरून चालायचं नाही. काय काय एकमेकांना छेद देतं आहे आणि काय उरतं आहे, ते विचारायचं. सूत्रं विसरली तरी पुस्तक पुन्हा उघडता येतं. ही सवय लागली तर ते उघडायचीही फारशी गरज पडणार नाही.